घरामागची शेड: मार्जिनचा नियम बरोबर, एक एचपीचा नियम चूक



कुठल्याही बॅचमध्ये भांडवलाचा विषय निघाला की एक हात वर होतोच. "सर, गाळा परवडत नाही. घरामागं जागा आहे. दहा बाय पंधराची पत्र्याची शेड टाकली तर चालेल ना?" मी उत्तर द्यायच्या आत शेजारचा कुणीतरी सांगून मोकळा होतो, "टाक रे, पत्र्याला कोण विचारतंय!"

विचारतात. मला विचारलं होतं.

माझं पॅकेजिंगचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. पाऊच, मिठाईचे बॉक्स, सीलिंग मशीन, वजनकाटे असा माल. २०२२ च्या उन्हाळ्यात दुकानात माल मावेना म्हणून मी घराच्या बाजूला शेड टाकली. वडिलांनी बांधलेलं घर, दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट. घराची भिंत आणि कंपाउंड वॉल यांच्यामध्ये पाच फुटांची पट्टी होती, तिच्यावर चोवीस फूट लांब पत्रा. फॅब्रिकेटरनं चार दिवसांत काम उरकलं. बहात्तर हजार गेले. मी घरात सांगितलं, गाळ्याचं भाडं आठ महिन्यांत वसूल.

ऑगस्टमध्ये नोटीस आली. गणपती आठ दिवसांवर, शेडमध्ये मोदकाचे आणि पेढ्याचे बॉक्स छपरापर्यंत रचलेले. पुढचे चार दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही, हिशेब तेवढा सांगतो. शेडचे ७२,०००. उतरवायची मजुरी ६,०००. पावसात माल हलवताना भिजलेले बॉक्स ३१,०००. घाईत मिळेल त्या भावानं घेतलेला गाळा, महिना १४,००० प्रमाणे तीन महिन्यांचे ४२,०००. पत्रा आणि अँगल विकून परत आले १९,०००. म्हणजे १,३२,००० रुपये. एप्रिलमध्ये शांतपणे शोधला असता तर त्याच भागात नऊ हजारांत गाळा मिळत होता. त्या पैशात जवळजवळ पंधरा महिन्यांचं भाडं निघालं असतं. शेड वापरली किती? साडेचार महिने.

बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सुटलो होतो. पण 'सामासिक अंतर' हा शब्द तीन वर्षांत एकदाही कानावर पडला नव्हता.

त्यानंतर मी हे नियम वाचायला बसलो, आर्किटेक्ट मित्राकडून समजून घेतले, आणि माझं एक मत झालं. नियमांचे दोन भाग आहेत. एक, जागा किती मोकळी सोडायची. दोन, त्या जागेत काय करायचं. पहिला भाग आपल्याला जाचक वाटतो, पण तो बरोबर आहे. दुसरा भाग आपल्याला माहीतच नसतो, आणि तो छोट्या उद्योजकाच्या दृष्टीनं साफ जुनाट झालाय. आपण मात्र उलटं करतो. जिथं मोडू नये तिथं मोडतो, आणि जिथं आवाज उठवायला पाहिजे तिथं गप्प बसतो.

आधी 'पत्रा म्हणजे बांधकाम नाही' हा गैरसमज

मुंबई महापालिका, एमआयडीसी आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. यूडीसीपीआर म्हणतात तिला, एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिच्यात इमारत कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. कुठल्याही कारणासाठी, कुठल्याही साहित्यानं उभं केलेलं काहीही म्हणजे इमारत. माणूस राहो न राहो. म्हणजे विटा असोत, पत्रा असो, नट-बोल्टवर उभी असो की पाया खणून, तिथं फरक पडत नाही. समारंभासाठी परवानगीनं घातलेला तात्पुरता मांडव त्यातून बाहेर आहे. तुमचं गोडाऊन नाही.

त्याच्या वर कायदा आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आपण त्याला एमआरटीपी म्हणतो. त्यातली 'विकास' या शब्दाची व्याख्या एकदा वाचाच. बांधकाम तर त्यात येतंच, पण जागेच्या किंवा इमारतीच्या वापरातला मोठा बदलसुद्धा येतो. एक वीटही न लावता घराच्या पार्किंगमध्ये तुम्ही छापखाना सुरू केलात, तरी कायद्याच्या भाषेत तो 'विकास' झाला, आणि विकासाला परवानगी लागते. परवानगीशिवाय केला तर कलम ५२ मध्ये कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत कैद, दोन ते पाच हजार दंड, आणि तसंच चालू ठेवलं तर दिवसाला दोनशे रुपयांपर्यंत वेगळा दंड अशी तरतूद आहे. घाबरवायला सांगत नाहीये. शेड टाकली म्हणून तुरुंगात गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण बुलडोझरसमोर उभं राहून माल वाचवणारे पाहिलेत, आणि त्यातला एक मी स्वतः.

मार्जिनचा नियम बरोबर का म्हणतो

तुमच्या घराचा मंजूर नकाशा काढा. त्यात घराभोवती चारी बाजूंनी रिकामी पट्टी दाखवलेली असते, बाजूला आकडे लिहिलेले असतात. माझ्या नकाशात बाजूला १.५० मीटर आणि मागे १.५० मीटर आहे. हेच ते सामासिक अंतर, बोलताना आपण मार्जिन म्हणतो. ही जागा मालकीची आहे, घरपट्टी आपण भरतो, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव आपलं आहे. तरी ती वर आकाशापर्यंत मोकळी ठेवायची असते. सेप्टिक टँक, पंप रूम, विहीर, कंपाउंड वॉल अशा थोड्याच गोष्टींना तिथं मुभा असते.

नोटीस आली तेव्हा मला शेजारच्या काकांचा भयंकर राग आला होता. तक्रार त्यांचीच होती. दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. माझ्या शेडच्या उतारावरचं पाणी जून-जुलैमध्ये त्यांच्या भिंतीवर कोसळत होतं. भिंतीला आतून बुरशी. त्या खोलीत त्यांच्या आईंचा पलंग. आणि खिडकी उघडली की समोर सहा इंचांवर माझा पत्रा, दुपारी तापला की भट्टी. मी माझ्या बाजूनं चोवीस फूट लांबीचा हिशेब केला होता. पलीकडं कुणाची खिडकी आहे हे बघितलंच नव्हतं.

शिवाय आग. माझ्या शेडमध्ये काय होतं? पुठ्ठा आणि प्लॅस्टिक. घराच्या मागं जायला तेवढी एकच वाट, ती मीच बंद केलेली. मागच्या खोलीत मुलं झोपतात. आजही कधीकधी रात्री तो विचार येतो आणि मी उठून पाणी पितो.

म्हणून माझं म्हणणं, मार्जिनच्या बाबतीत वाटाघाटी नको. 'एवढंसं तर आहे', 'सगळ्यांनीच टाकलंय', 'नगरसेवक ओळखीचे आहेत' हे काही बोलूच नका. सगळ्यांनी टाकलंय म्हणूनच आपल्या गल्ल्यांमध्ये अग्निशमनचा पाइप मागच्या बाजूला पोचत नाही.

धंद्याच्या बाजूनंही बघा. मार्जिनमधली शेड ही नियमित होण्याची शक्यता जवळपास नसलेली गोष्ट आहे. नोटीस आल्यावर, बांधकाम नियमात बसत असेल तर ते कायम ठेवण्यासाठी परवानगी मागायची सोय कायद्यात आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम ४४ खाली अर्ज करायचा. पण मार्जिनमध्ये आहे म्हटल्यावर तो अर्ज कशाच्या जोरावर करणार? आणि बिनपरवाना बांधकामासाठी कायद्यातली पूर्वसूचनेची मुदत चोवीस तासांची आहे. चोवीस तासांत तुमचं मशीन, कच्चा माल, तयार माल आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द, हे सगळं कुठं हलवणार?

आता एक एचपीचा नियम

आता दुसरा भाग. हा फारसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश.

समजा तुम्ही शहाणपणा केलात. मार्जिनला हात लावला नाही. घरातलीच एक खोली धंद्याला दिली. आता तरी सुटलात का?

निवासी विभागाचे दोन प्रकार आहेत. दाट वस्तीच्या भागात नऊ मीटरपेक्षा आणि बाहेरच्या भागात बारा मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचे प्लॉट आर-१ मध्ये येतात. त्याहून रुंद रस्त्यावरचे आर-२ मध्ये. आपल्यापैकी बहुतेकांची घरं कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर, म्हणजे आर-१. तिथं घरगुती उद्योगाला परवानगी आहे, अगदी नियमात लिहिलेली. शिवणकाम, भरतकाम, बटणं बनवणं वगैरे. पण अटी वाचा. घरातल्या माणसांनीच करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. आणि यंत्र वापरलं तर एकूण विजेचा भार ०.७५ किलोवॅटच्या वर जायचा नाही. म्हणजे एक हॉर्सपॉवर.

०.७५ किलोवॅट म्हणजे ७५० वॅट. तुमच्या ओट्यावरचा मिक्सर उलटा करून खालचं लेबल बघा. बऱ्याच जणांच्या मिक्सरवर हाच आकडा सापडेल. एका मिक्सरमध्ये सरकारनं दिलेली मर्यादा संपली. मसाल्याचा छोटा पल्वरायझर घ्यायला गेलात तर दोन-तीन एचपीची मोटर सहज असते. पापडाचं, शेवयांचं मशीन आणि शेजारी पंखा, सीलिंग मशीन धरलं तर नियम कधी मोडला ते कळणारही नाही. आणि हाताखाली एक मावशी पाकिटं भरायला घेतली, महिना पाच हजार रुपयांवर, तर त्या दिवसापासून तो तुमचा 'घरगुती उद्योग' नियमाच्या दृष्टीनं घरगुती राहिला नाही.

माझ्याकडून पाऊच नेणाऱ्या एक ताई आहेत. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला. नवरा कंपनीतून सुटल्यावर त्यांनी हे सुरू केलं. सुरुवातीला महिन्याला अर्धा किलोचे चाळीस पाऊच न्यायच्या, पुढं हजारावर गेल्या. दोन बायका कामाला ठेवल्या, दोघीही गल्लीतल्याच. एक विधवा, दुसरीच्या मुलीची फी त्यावर चालायची. माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालेला धंदा. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली ती मिरचीच्या खकाण्याची. तपासणीला आलेल्या माणसानं पहिलं काय विचारलं? मोटर किती एचपीची, आणि माणसं किती. दोन्ही उत्तरं चुकीची.

आता गंमत बघा. त्याच ताईंना केंद्र सरकार सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत, म्हणजे पीएमएफएमईमध्ये, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाख अनुदान द्यायला तयार आहे. जाहिरातींमध्ये घरातून उद्योग उभा करणाऱ्या बाईचा हसरा फोटो असतो. एक खातं म्हणतं मशीन घ्या, माणसं कामाला ठेवा, रोजगार द्या. दुसऱ्याचा नियम म्हणतो मोटर एक एचपीच्या आत ठेवा आणि कामाला कुणी नको. ताईंनी कुणाचं ऐकायचं?

मला यात कुणाची बदमाशी दिसत नाही. घरगुती उद्योग म्हणजे बटणं आणि भरतकाम, असं ज्या काळात डोळ्यांसमोर होतं त्या काळची ही भाषा आहे. ती नव्या नियमावलीतही तशीच उतरली. पण एचपीवरून त्रास मोजता येत नाही हे कुणीही सांगेल. अर्ध्या एचपीचा ग्राइंडर लोखंडावर धरला तर अख्खी गल्ली कानात बोटं घालते. तीन एचपीचं चांगलं बंदिस्त मशीन असेल, धूळ पकडायची पिशवी लावलेली असेल, तर शेजारी झोपमोड होत नाही. मोजायचं तर आवाज मोजा, धूर आणि वास मोजा, दिवसाला किती टेम्पो दारात उभे राहतात ते मोजा, कामाचे तास ठरवून द्या. आणि दोन-तीन बाहेरची माणसं चालतील असं स्पष्ट लिहा. आर-२ मध्ये छोट्या सेवा उद्योगांना किती एचपी, किती माणसं, किती चौरस मीटर याचा उद्योगवार तक्ता आहेच. तसाच एक आखूड तक्ता आर-१ साठी करायला काय हरकत आहे?

यावर हरकत घेणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एकदा दार किलकिलं केलं की घरांच्या गल्लीत कारखाने घुसतात. मी तशा गल्ल्या बघितल्यात, जिथं पोरांना अभ्यासाला लायब्ररीत जावं लागतं. पण आज काय चित्र आहे? नियम इतका आखूड आहे की जवळजवळ प्रत्येक घरगुती उद्योजक तो मोडूनच बसलाय. सगळेच मोडणारे असले की खरा त्रास देणारा आणि निमूट पाकिटं भरणारा यांच्यात फरक उरत नाही. मग कारवाई कुणावर होते? ज्याची तक्रार झाली त्याच्यावर. आणि तक्रार धूर पाहून होतेच असं नाही. भाऊबंदकी, पार्किंगचं भांडण, जुना हिशेब, काहीही. नियम पाळता येईल असा असला तरच शेजाऱ्यालाही त्याचा उपयोग.

प्रारूप नियमावली किंवा फेरबदल जाहीर होतात तेव्हा हरकती-सूचना मागवतात. बिल्डरांच्या संघटना तिथं पानंच्या पानं लिहून देतात. पापड करणाऱ्या बचत गटाची एक सूचना गेलीय असं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढच्या वेळी मसुदा टाकीन, सह्या करायला या.

'माझ्याकडे सगळी कागदपत्रं आहेत'

नोटीस आली तेव्हा मी फाइल घेऊन गेलो होतो. घरपट्टीची पावती, शॉप अॅक्ट, उद्यम. समोरच्यानं फाइल उघडलीसुद्धा नाही.

घरपट्टीचं आधी बघू. शेडची नोंद होऊन कर लागला म्हणजे शेड कायदेशीर झाली, असं अर्ध्या शहराला वाटतं. महापालिकांच्या कायद्यात कलम २६७-अ आहे. अवैध बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद त्यात आहे, आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही हेही तिथंच म्हटलंय. म्हणजे जादा पैसे भरूनही शेड बेकायदाच.

शॉप अॅक्ट: २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तुम्ही दिलेल्या माहितीची ती पोच. जागा नियमात आहे का, हे त्यात कुणी बघत नाही. उद्यमचंही तसंच, तुम्ही स्वतः भरलेली माहिती. ही कागदं लागतातच, काढाच. पण ती बँकेच्या टेबलावर चालतात, अतिक्रमण विभागाच्या नाही.

वीज मीटरचा मुद्दा बाजूचा आहे, तरी सांगून टाकतो. घराच्या मीटरवर छोटा धंदा चालवायला महावितरणच्या दरपत्रकात थोडी सवलत आहे, महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. त्याच्या वर गेलात आणि मीटर तसाच ठेवलात, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते, आणि कधीपासून वापर चालू होता ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. बघा, विजेच्या नियमानं घरातला छोटा धंदा ओळखला, त्याला मोजता येईल अशी मर्यादा दिली. नगररचनेच्या नियमाला हे का जमू नये?

मग करायचं काय

पहिलं काम, टेप घ्या आणि मंजूर नकाशा घ्या. नकाशा घरात नसेल तर नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागात नक्कल मिळते, माहिती अधिकारातही मागता येते. नकाशावरचे आकडे आणि जागेवरचे आकडे ताडून बघा. कितीतरी घरं मुळातच नकाशापेक्षा फूटभर बाहेर बांधलेली असतात. तसं असेल तर तुम्ही शेडसाठी अर्ज करायला जाल आणि घराचाच प्रश्न उभा राहील. म्हणून आधी परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याला दाखवा. त्याची दोन-तीन हजार फी मला तेव्हा जास्त वाटली होती.

मग विचारा, एफएसआय शिल्लक आहे का. जुनी घरं बऱ्याचदा त्या वेळच्या नियमानं आणि ऐपतीनं कमी बांधलेली असतात. आज बऱ्याच ठिकाणी मूळ एफएसआय १.१ आहे, वर प्रीमियम भरून आणखी मिळतो. मार्जिन सोडून आतल्या जागेत किंवा वरच्या मजल्यावर खोली काढता आली तर ती रीतसर मंजूर होते. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी परवानगीची पद्धत सोपी केलेली आहे. फक्त 'सोपी परवानगी' म्हणजे 'मार्जिन माफ' असा अर्थ काढू नका, तसा प्रचार खूप चालतो. अर्जावर साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण तीही बांधकाम नियमात बसत असेल तरच. मी शेवटी हेच केलं. जिन्यावर टेरेसच्या बाजूला एक खोली मंजूर करून घेतली, हलका माल वर ठेवतो.

'तात्पुरत्या शेडची परवानगी' हा आणखी एक शब्द कानावर येईल. ती मिळते, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत आणि एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. पण ती पावसाळ्यातलं संरक्षण, मांडव, बांधकाम चालू असताना साहित्य ठेवायला जागा अशा ठरावीक कारणांसाठी. तिच्या आडून कारखाना चालवायचा सल्ला कुणी एजंट देत असेल तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

घरात मशीन बसतच नसेल, तर धंद्याचे दोन तुकडे करा. मसालेवाल्या ताईंनी तेच केलं. दळण-कांडप बाहेर गिरणीत, ठरलेल्या दरानं. घरी फक्त निवडणं, भाजणं, मिसळणं. मोटर गेली, खकाणा गेला, तक्रारही थांबली. किलोमागं खर्च वाढला आठ रुपयांनी. त्यांनी पाकिटाची किंमत दहानं वाढवली, गिऱ्हाईक तुटलं नाही. पण पाकिटं भरणाऱ्या दोन बायकांचं काय करायचं हे कोडं तसंच राहिलं, कारण पगारी माणूस नको ही अट कायम आहे. आता त्या दोघी आपापल्या घरी पाकिटं भरून आणतात, नगावर. ताईंना ते पटत नाही. एकत्र बसून होणारं काम आता पिशव्यांमधून गल्लीत इकडून तिकडे फिरतं, आणि स्वच्छतेवर नजर ठेवणं अवघड जातं. नियमानं कुणाचं भलं केलं, मला सांगा.

आणि गाळा घ्यायचा असेल तर भाड्याला घाबरून आधीच मागं फिरू नका. पीएमईजीपीत जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, पण भाड्याच्या वर्कशेडचा खर्च जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत धरता येतो. शहरातल्या महिलेला त्यावर २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. सर्वसाधारण गटाला शहरात १५, ग्रामीणला २५. म्हणजे ज्या भाड्याला भिऊन आपण मार्जिनमध्ये शेड टाकतो, ते भाडं प्रकल्प अहवालात लिहिता येतं. माझ्याकडे आलेल्या अहवालांमध्ये ही ओळ बहुतेक वेळा रिकामी असते. सीए किंवा एजंटला विचारा, का रिकामी आहे.

गावठाण, ग्रामपंचायत आणि शेतातली शेड हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळे नियम लागतात. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतोय, इथलं तिथं लावू नका.

पुढच्या रविवारच्या बॅचला येणार असाल तर वहीसोबत घराच्या मंजूर नकाशाची झेरॉक्स आणि मिक्सरच्या लेबलचा फोटो आणा. पहिला तास आपण तेवढंच बघणार आहोत. काकाही येतो म्हणालेत, शेजाऱ्याची बाजू मांडायला.